विश्लेषण : यंत्राचा खडखडाट नेमका कशासाठी? बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘तुर्का’चे निर्माते केम्पेलेन कोण होते?

चावी दिली की घरघर करत बुद्धिबळ खेळणारा एक पुतळा अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात प्रचंड गाजला. तो बनवणारे वोल्फगांग फॉन केम्पेलेन हे व्यवसायाने जादूगार नव्हते, तर सरकारी अधिकारी आणि अभियंता होते. त्यांनी दोन यंत्रे बनवली. एकाचा आवाज लोकांना फसवण्यासाठी होता, दुसऱ्याचा आवाज माणूस बोलतो कसा हे समजून घेण्यासाठी. जगाने लक्षात ठेवले ते पहिले यंत्र.

केम्पेलेन कोण होते?

केम्पेलेन यांचा जन्म 23 जानेवारी 1734 रोजी प्रेसबर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. आज ते ब्रातिस्लाव्हा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. कायदा आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घेतलेल्या केम्पेलेन यांना जर्मन, हंगेरियन, लॅटिन, फ्रेंच, इटालियन अशा अनेक भाषा येत. कायद्याच्या संहितेचे लॅटिनमधून जर्मनमध्ये भाषांतर केल्याने ते सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या नजरेत भरले आणि त्यांना दरबारी नोकरी मिळाली.

पुढे त्यांच्याकडे हंगेरीतील मिठाच्या खाणींची जबाबदारी आली. खाणीत साचणारे पाणी उपसणारे पंप, व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्यातील कारंज्यांची यंत्रणा, दृष्टिहीन पियानोवादक मारिया थेरेसिया फॉन पाराडिस यांना लिहिता यावे म्हणून बनवलेले छपाईचे छोटे यंत्र अशी कितीतरी कामे त्यांच्या नावावर आहेत. नवीन वस्ती वसवण्यापासून नाट्यगृह उभारण्यापर्यंत सरकारने सांगितलेले प्रत्येक काम त्यांनी केले. मात्र आज त्यांचे नाव घेतले जाते ते नोकरीबाहेर केलेल्या एका करामतीमुळे.

‘तुर्क’ कसा जन्माला आला?

1769 मध्ये पेलतिए नावाच्या एका फ्रेंच कलावंताने व्हिएन्नाच्या दरबारात चुंबकाचे खेळ करून दाखवले. विज्ञानाची जाण असलेला माणूस म्हणून केम्पेलेन यांनाही खास बोलावून घेण्यात आले होते. खेळ पाहून ते फारसे प्रभावित झाले नाहीत. याहून चकित करणारे यंत्र आपण बनवू शकतो, असे त्यांनी सम्राज्ञीला सांगितले. मारिया थेरेसा यांनी त्यांना शब्दात पकडले आणि सहा महिन्यांसाठी सरकारी कामातून मोकळे केले.

1770 मध्ये केम्पेलेन दरबारात परतले ते चाकांवर सरकणारी एक लाकडी पेटी घेऊन. पेटी साधारण साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच होती. तिच्यामागे झगा आणि फेटा घातलेला, तुर्की वेशातला लाकडी पुतळा बसवला होता आणि पेटीवर त्याच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडला होता. या वेशामुळेच यंत्राला ‘तुर्क’ हे नाव पडले.

यंत्राने चालणारे पुतळे त्या काळी युरोपला नवे नव्हते. बासरी वाजवणारा पुतळा आणि दाणे टिपणारे बदक फ्रान्सच्या जाक द व्होकान्सन यांनी 1730 च्या दशकातच बनवले होते. पण ते पुतळे ठरवून दिलेली हालचाल पुन्हा पुन्हा करत. समोरच्याची चाल पाहून आपली चाल ठरवणारे यंत्र कोणी पाहिले नव्हते.

प्रयोग कसा होत असे?

खेळ सुरू होण्याआधी केम्पेलेन पेटीची दारे एकेक करून उघडत. डावीकडच्या दारामागे दातेरी चाकांची दाटी दिसे. मागचे दारही उघडून ते पलीकडून मेणबत्ती धरत आणि तिचा उजेड चाकांच्या फटींतून प्रेक्षकांपर्यंत येई. मग उजवीकडचा मोठा कप्पा उघडला जाई. त्यात जवळपास काहीच नसे. खालच्या खणातून मोहरे बाहेर येत. पुतळ्याचा झगाही वर करून दाखवला जाई. आत माणूस मावणार नाही, अशी प्रेक्षकांची खात्री पटे.

यानंतर दारे बंद होत आणि केम्पेलेन पेटीच्या बाजूला किल्ली घालून चावी भरत. आतून घरघर ऐकू येई. पुतळा मान हलवून पटाकडे पाही, डावा हात उचले, मोहरा पकडे आणि योग्य घरात ठेवी. प्रतिस्पर्ध्याच्या राजाला शह दिला की तो तीनदा मान हलवे आणि वजिरावर हल्ला केला की दोनदा. कोणी नियमबाह्य चाल केली तर तो मोहरा उचलून परत जागच्या जागी ठेवी. घोड्याला पटावरच्या 64 घरांतून, प्रत्येक घरात एकदाच नेण्याचे अवघड कोडेही तो सोडवून दाखवत असे. काही चाली झाल्या की केम्पेलेन पुन्हा चावी भरत. शेजारच्या मेजावर त्यांनी एक छोटी डबी ठेवलेली असे. तिच्यात ते अधूनमधून डोकावत. त्यामुळे खरे गुपित त्या डबीतच असावे, असे लोकांना वाटे.

मग खेळत कोण होते?

पेटीत माणूसच होता. बुद्धिबळात तरबेज असलेला एक खेळाडू सरकत्या बैठकीवर बसून राही. डावे दार उघडले की तो उजवीकडे सरके, उजवे उघडले की डावीकडे. त्याच्याबरोबर यंत्राचे काही खोटे भागही दुमडत आणि उलगडत. दारे एकदम न उघडता ठरावीक क्रमानेच का उघडली जात, याचे उत्तर हेच.

वरच्या पटावर काय चालले आहे हे त्याला आतून दिसत नसे. म्हणून मोहऱ्यांच्या तळाशी चुंबक बसवले होते आणि पटाच्या प्रत्येक घराखाली धातूचा छोटा तुकडा टांगलेला होता. मोहरा घरात आला की खालचा तुकडा वर खेचला जाई, मोहरा उचलला की खाली पडे. त्यावरून कोणता मोहरा कुठून कुठे गेला हे आतल्या खेळाडूला कळे. त्याच्यापुढे स्वतःचा एक लहान पट असे. तरफांच्या एका जोडणीमुळे आत हात जसा फिरे तसा वर पुतळ्याचा हात फिरे. नकाशा लहानाचा मोठा करण्यासाठी वापरतात त्या जोडचौकटीचे तत्त्व इथे वापरले होते.

आत उजेडासाठी मेणबत्ती लागे. तिचा धूर पुतळ्याच्या फेट्यातून बाहेर पडे. तो लक्षात येऊ नये म्हणून पेटीजवळ आणखी मेणबत्त्या लावलेल्या असत. तरफा, चुंबक आणि सरकती बैठक हे सगळे अभियांत्रिकीचे उत्तम काम होते. फक्त विचार करणारे यंत्र म्हणून जे दाखवले जात होते, ते तिथे नव्हते.

खडखडाट कमी का केला नाही?

या प्रश्नाआधी यंत्राचा आवाज येतो कुठून ते पाहायला हवे. त्या काळी विजेची मोटर नव्हती. चावीच्या खेळण्यात मोटरचे काम गुंडाळलेली स्प्रिंग करते. स्प्रिंग मोकळी सोडली तर क्षणात उलगडेल. म्हणून तिच्या पुढे दातेरी चाकांची साखळी जोडतात आणि शेवटी एक छोटे पाते बसवतात. हे पाते हवेत गरगर फिरते आणि वेगाला लगाम घालते. घरघर मुख्यतः या पात्याची आणि वेगाने फिरणाऱ्या शेवटच्या चाकांची असते. दोन चाकांच्या दात्यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. प्रत्येक दाता दुसऱ्यावर आदळतो तेव्हा बारीक टकटक होते. त्यात यंत्र लाकडी पेटीत असेल तर सतारीच्या भोपळ्यासारखी ती पेटीच आवाज मोठा करते.

जुने खेळणे अधिक खडखडते त्याचीही कारणे ठरलेली असतात. तेल सुकून चिकट होते, त्यात धूळ बसते, आसाची भोके झिजून मोठी होतात आणि चाके डुगडुगतात. विजेवर चालणाऱ्या जुन्या हलत्या-बोलत्या बाहुल्यांनाही हेच लागू होते. तिथे मोटरचे आस झिजतात, ग्रीस वाळते, प्लास्टिकच्या चाकाला तडा जातो. दुरुस्ती करणारे आधी मोटर चाकांपासून वेगळी करून चालवतात. आवाज तसाच राहिला तर दोष मोटरमध्ये, थांबला तर चाकांमध्ये. मग जुने तेल पुसून आसाच्या टोकांना जेमतेम थेंबभर नवे तेल देतात, प्लास्टिकच्या चाकांना प्लास्टिकला चालणारे ग्रीस लावतात आणि मोटर जिथे बसते तिथे फेल्ट किंवा रबराची पट्टी घालतात. तेलाचा मारा केला तर ते विजेच्या संपर्कावर जाऊन मोटर बिघडू शकते.

आवाज कमी करण्याच्या यातल्या मूळ युक्त्या, म्हणजे बारीक दाते, घट्ट बसणारे आस, मोजके तेल आणि मऊ बैठक, अठराव्या शतकातल्या घड्याळजींना चांगल्या ठाऊक होत्या. खाणीतले पंप चालवणाऱ्या केम्पेलेन यांना त्या ठाऊक नसतील, असे म्हणता येत नाही. तरीही ‘तुर्क’ घरघरत राहिला, कारण ती घरघरच त्याच्या उपयोगाची होती.

डावीकडच्या कप्प्यातल्या चाकांचा बुद्धिबळाशी काही संबंध नव्हता. ती दिसावीत आणि ऐकू यावीत यासाठीच होती. पेटीत बसलेल्या माणसाचा श्वास, बैठकीची कुरकुर, तरफ सरकल्याचा आवाज हे सगळे त्या घरघरीत विरून जाई. आतल्या माणसाला शिंक किंवा खोकला आला तर मुद्दाम खडखडाट सुरू करण्याची सोयही पुढच्या काळात पेटीत केली गेली, असे सांगितले जाते. शिवाय ऐकणाऱ्याच्या मनावरही त्या आवाजाचा परिणाम होई. चाके फिरताना ऐकू आली की यंत्र काम करत आहे, असे माणूस धरून चालतो.

दौऱ्यात काय घडले?

दरबारातल्या यशानंतर केम्पेलेन यांना ‘तुर्का’चा कंटाळा येऊ लागला. ही एक किरकोळ गंमत आहे, असे ते स्वतःच म्हणत. यंत्र बिघडले आहे असे सांगून ते प्रयोग टाळत आणि पुढे त्यांनी ते मोडूनही ठेवले. पण 1781 मध्ये रशियाचे राजपुत्र पॉल व्हिएन्नाला येणार होते. त्यांच्यासाठी ‘तुर्क’ पुन्हा उभा करण्याचा आदेश सम्राट जोसेफ दुसरे यांनी दिला. तो प्रयोग इतका रंगला की केम्पेलेन यांना युरोपच्या दौऱ्यावर जाण्यासाठी रजा देण्यात आली.

1783 मध्ये ‘तुर्क’ पॅरिसला पोहोचला. त्या काळचे सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू फिलिदोर यांच्याशी त्याचा डाव झाला आणि त्यात तो हरला. तेव्हा अमेरिकेचे दूत म्हणून पॅरिसमध्ये असलेले बेंजामिन फ्रँकलिन हेही त्याच्याशी खेळले. पुढे लंडन आणि मग जर्मनीतील शहरे असा प्रवास झाला. लंडनमध्ये फिलिप थिकनेस यांनी 1784 मध्ये पुस्तिका काढून आत कोणीतरी लपलेले आहे, असा आरोप केला. माणूस लपल्याचा त्यांचा अंदाज बरोबर होता, पण तो लहान मूल असावा हा तर्क चुकला. 1789 मध्ये योसेफ फ्रीडरिश त्सू राकनित्स यांनी स्वतः नमुना बनवून गुपित उलगडण्याचा प्रयत्न केला. तेही बरेच जवळ गेले, पण सगळे तपशील त्यांना सापडले नाहीत.

याच दौऱ्याचा एक परिणाम कोणी अपेक्षिला नव्हता. इंग्लंडमधले धर्मगुरू एडमंड कार्टराइट यांना यंत्रमागाची कल्पना पटवून देताना या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा आधार मिळाला. यंत्र जर बुद्धिबळ खेळू शकते तर कापड विणणे त्याला का जमू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1785 मध्ये त्यांनी यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले. एका खोट्या यंत्राने खऱ्या यंत्राला बळ दिले.

दुसरे यंत्र कोणते?

‘तुर्का’बरोबर केम्पेलेन आणखी एक यंत्र दाखवत. ते बोलत असे. त्यावर ते 1769 पासूनच काम करत होते आणि त्यांची खरी ओढ या यंत्राकडे होती.

सुरुवात अगदी घरगुती सामानातून झाली. चुलीसाठीचा भाता फुप्फुसाच्या जागी, बॅगपाइपची रीड स्वरयंत्राच्या जागी आणि क्लॅरिनेटचे रुंद तोंड माणसाच्या तोंडाच्या जागी. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीत भाता आणि रीड जे काम करतात, तेच इथे होते. रुंद तोंडावर हात कमी-जास्त झाकला की स्वर बदलतो, हे केम्पेलेन यांच्या लक्षात आले.

दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी प्रत्येक अक्षरासाठी वेगळी पट्टी आणि वेगळी नळी बसवली. इथे यंत्राचा आवाजच आडवा आला. प्रत्येक पट्टी दाबली की हवेचा वेगळा झटका येई आणि अक्षरे एकमेकांत मिसळतच नसत. शब्द तयार होण्याऐवजी सुटे आवाज एकामागून एक येत. वर्षानुवर्षांची मेहनत त्यांनी बाजूला ठेवली. माणसाला एकच तोंड आणि एकच स्वरयंत्र असते. बोलणे म्हणजे सुटी अक्षरे नसून एका ध्वनीतून दुसऱ्यात सरकत जाणे आहे, हे या अपयशाने त्यांना शिकवले.

तिसऱ्या यंत्रात म्हणून एकच रीड आणि एकच रबरी तोंड होते. ‘म’ आणि ‘न’साठी नाकपुड्यांसारख्या दोन नळ्या होत्या. ‘स’ आणि ‘श’साठी हवा फुसफुसत जाईल अशा वेगळ्या वाटा तरफेने उघडत. ‘र’साठी रीडवर तार टेकवली जाई. उजव्या कोपराने भाता दाबायचा, उजव्या हाताच्या बोटांनी तरफा चालवायच्या आणि डावा हात यंत्राच्या तोंडावर ठेवून स्वर घडवायचे, अशी ती कसरत होती. यंत्राला जीभ नसल्याने ‘त’, ‘द’, ‘क’ अशी व्यंजने नीट जमत नसत. आवाज लहान मुलासारखा आणि एकसुरी होता. तरीही लॅटिन, फ्रेंच, इटालियनमधले शब्द आणि छोटी वाक्ये लोकांना समजत.

1791 मध्ये केम्पेलेन यांनी मानवी भाषेच्या यंत्रणेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात यंत्राचा प्रत्येक भाग आकृत्यांसह समजावून सांगितला, त्रुटी मान्य केल्या आणि दुसऱ्यांनी हे काम पुढे न्यावे, अशी अपेक्षा ठेवली. ‘तुर्का’चे गुपित शेवटपर्यंत न उघडणाऱ्या माणसाने या यंत्राचे काहीही झाकून ठेवले नाही.

पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ज्याच्या एका यंत्रात लबाडी असल्याची चर्चा आहे, त्याच्या दुसऱ्या यंत्रावर विश्वास ठेवणे प्रेक्षकांना सोपे नव्हते. बोलक्या यंत्रामागेही कोणी आवाज काढत असेल, अशी शंका घेतली गेली.

केम्पेलेन यांच्यानंतर काय झाले?

1798 मध्ये केम्पेलेन सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 26 मार्च 1804 रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. त्यानंतर ‘तुर्क’ योहान मेल्त्सेल यांनी विकत घेतला. संगीतातला ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमशी ज्यांचे नाव जोडले जाते, तेच हे मेल्त्सेल. 1809 मध्ये ‘तुर्क’ शोनब्रुन येथे नेपोलियनशी खेळला. संगणकाचे आद्य प्रवर्तक चार्ल्स बॅबेज हेही लंडनमध्ये त्याच्याकडून हरले. 1826 मध्ये ‘तुर्क’ अमेरिकेत गेला. तिथे लेखक एडगर अ‍ॅलन पो यांनी 1836 मध्ये आत माणूस असल्याचा दावा करणारा प्रसिद्ध लेख लिहिला. 5 जुलै 1854 रोजी फिलाडेल्फियातल्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत ‘तुर्क’ जळाला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1857 मध्ये, त्याच्या शेवटच्या मालकाच्या मुलाने सगळे तपशील छापून गुपित फोडले.

बोलक्या यंत्राचा प्रवास शांतपणे झाला. ग्रंथातल्या वर्णनावरून इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी 1830 च्या दशकात ते पुन्हा बनवले. 1863 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल नावाच्या किशोरवयीन मुलाने व्हीटस्टोन यांचे यंत्र ऐकले आणि घरी जाऊन भावाच्या मदतीने बोलणारे डोके बनवले. 1876 मध्ये त्याच बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. केम्पेलेन यांचे मानले जाणारे एक बोलके यंत्र आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट आज का महत्त्वाची?

खरोखर स्वतः खेळणारे यंत्र यायला बराच काळ जावा लागला. स्पेनचे अभियंता लिओनार्दो तोरेस केव्हेदो यांनी 1912 मध्ये विजेवर चालणारे यंत्र बनवले. ते राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा एवढाच शेवटचा डाव खेळे, पण आत माणूस नव्हता. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले.

‘तुर्क’ मात्र नावाने जिवंत आहे. 2005 मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘मेकॅनिकल तुर्क’ नावाची सेवा सुरू केली. संगणकाला न जमणारी छोटी छोटी कामे तिथे जगभरातली माणसे मोबदला घेऊन करतात. बाहेरून सगळे आपोआप घडते आहे असे वाटावे आणि आत माणूस राबत असावा, ही जुनीच रचना. आज एखादी सेवा पूर्णपणे यंत्रच चालवते असे सांगितले जाते, तेव्हाही छायाचित्रे तपासणारी, उत्तरे सुधारणारी माणसे मागे असू शकतात.

फोनमधून रस्ता सांगणारा किंवा बातमी वाचून दाखवणारा आवाज मात्र केम्पेलेन यांच्या दुसऱ्या यंत्राचा वारसदार आहे. त्या आवाजात अक्षरे एकमेकांत सहज मिसळतात. हाच प्रश्न सोडवण्यासाठी त्यांनी आपले जुने यंत्र बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. ‘तुर्का’च्या घरघरीला दरबारात टाळ्या मिळाल्या. बोलक्या यंत्राचे बोबडे बोल ऐकून पुढच्या पिढ्यांनी काम सुरू केले.